मुंबई महानगर: माणसे किती, पैसा कुणाचा, हद्द कुठली?

मुंबईची लोकसंख्या किती, याला निदान चार उत्तरे आहेत आणि चारही बरोबर आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा धरला तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे ३० लाख ८५ हजार. महापालिकेची दहिसर-मुलुंडपर्यंतची हद्द धरली तर १ कोटी २४ लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, मीरा-भाईंदर अशी लागून असलेली शहरे मिळवून जनगणना जो सलग नागरी पट्टा मोजते, तो धरला तर १ कोटी ८४ लाख. आणि नीती आयोगाने २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा आर्थिक आराखडा मांडला, त्यातला अंदाज सुमारे २ कोटी ५८ लाखांचा.

मुंबई ओसरते आहे की फुगते आहे, मराठी माणूस कमी झाला की सरकला, शहर श्रीमंत होते आहे की नुसते महाग, हे वाद चाळीस-पन्नास वर्षे चालू आहेत. दोन्ही बाजू आकडे देतात आणि बहुतेक वेळा आकडे खरेही असतात. फक्त एकाची मुंबई माहीमला संपते आणि दुसऱ्याची कर्जतला. या वादांत आज काय ठरले आहे, काय लोंबकळत आहे, याचा हा आढावा.

बेटापासून प्रदेशापर्यंत

मुंबईचा आकडा सरळ रेषेत कधीच चढला नाही. १८६४ च्या शिरगणतीत ८ लाख १६ हजार माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला अवाच्या सवा भाव आलेला तो काळ. यादवी संपली, भाव कोसळले आणि १८७२ मध्ये आकडा ६ लाख ४४ हजारांवर उतरला. १८९६ मध्ये प्लेग आला. त्याच्या दहशतीने लोक गावी पळाले, आणि १९०१ ची नोंद ७ लाख ७६ हजारांची, म्हणजे १८६४ पेक्षाही कमी आहे.

हद्द मात्र वाढतच गेली. १९५० मध्ये अंधेरी-भांडुपपर्यंतची उपनगरे महापालिकेत आली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची. त्यानंतर महापालिकेची वेस तिथेच थांबली, वस्ती थांबली नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए. या प्राधिकरणाखालचा प्रदेश पूर्वी ४,३५५ चौरस किलोमीटर होता, २०१९ च्या विस्तारानंतर तो ६,३२८ झाला. त्यात नऊ महापालिका येतात. २०१६ मध्ये झालेली पनवेलची त्यांतली सर्वांत नवी.

यातला एक बारकावा नेहमी नजरेतून सुटतो. २०११ च्या जनगणनेने मोजलेल्या मुंबईच्या नागरी पट्ट्यात वसई-विरार नाही आणि भिवंडीही नाही. दोन्ही वेगळी शहरे म्हणून मोजली गेली. विरारहून रोज चर्चगेटची गाडी पकडणारा माणूस जनगणनेच्या लेखी मुंबई महानगराबाहेरचा. देशातले सर्वांत मोठे महानगर मुंबई की दिल्ली, हा वाद याच कारणाने मिटत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई पुढे होती, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांत दिल्ली पुढे गेली. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

माणसे गेली कुठे?

मुंबई शहर जिल्ह्यात १९७१ मध्ये ३० लाख ७० हजार लोक होते, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. मधल्या चाळीस वर्षांत आकडा थोडा वर-खाली झाला, २००१ मध्ये ३३ लाखांवर गेला आणि पुन्हा उतरला. दक्षिण मुंबई वाढायची केव्हाच थांबली आहे. उपनगरे याच काळात २९ लाखांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेली, पण तिथेही वेग मंदावला. २००१ ते २०११ या दशकात उपनगर जिल्ह्याची वाढ ८ टक्क्यांच्या आसपास होती, तर तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्के. १ कोटी १० लाख लोकसंख्येचा ठाणे तेव्हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला.

'मुंबईत लोंढे येतात' हे वाक्य राजकारणात अजून ताजे असले तरी आकड्यांत ते जुने झाले आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ के. सी. झकरिया यांनी १९६१ च्या जनगणनेवरून मुंबईतल्या स्थलांतरितांचा अभ्यास केला, तेव्हा बृहन्मुंबईतले सुमारे ६४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते. २००१ मध्ये हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर आले. येणाऱ्यांचे मूळही बदलले. रत्नागिरी-सातारा मागे पडले, उत्तर प्रदेश पुढे आला. नव्याने येणाऱ्यांची पहिली खोली आता बहुधा नालासोपारा, मुंब्रा, दिवा किंवा भिवंडीत असते. महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. बृहन्मुंबईची दशकी वाढ चार टक्क्यांखाली आली, तिच्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

शहराचा मधला भाग ओसरण्याचे दोन अर्थ लावले जातात. एक मत असे, की मोठ्या शहरांचे हेच होते. गाभ्यात कचेऱ्या येतात, कुटुंबे मोठ्या घरासाठी बाहेर जातात. दुसरे मत असे, की लोक गेले नाहीत, भावांनी त्यांना घालवले. लालबाग-परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली पाहिली तर दोन्ही मते तिथेच भेटतात. गिरण्यांच्या भरात अशा खोलीत पाळीप्रमाणे झोपणारे दहा-बारा चाकरमानी असत. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागी पथारी टाकत, जेवण खानावळीत. मग बायका-मुले गावाहून आली, पोटमाळा चढला, मोरीला आडोसा झाला. मुलांची लग्ने झाली तेव्हा खोली पुरेना. कुणी पागडीवर खोली देऊन डोंबिवलीला गेले, कुणी पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट विकून बदलापूरला दोन घेतले. त्या जागी टॉवर झाला, त्यात माणसे कमी आणि चौरस फूट जास्त. हे जाणे स्वखुशीचे की नाइलाजाचे, हे जनगणनेचा कोणताही रकाना सांगत नाही. एवढे मात्र दिसते, की शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये ७७७ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ८३२. एकट्या पुरुषांची मुंबई हळूहळू कुटुंबाची होते आहे.

आकडे किती फसवे असू शकतात, याचे उत्तम उदाहरण कल्याण-डोंबिवली. २००१ मध्ये ११ लाख ९३ हजार, २०११ मध्ये १२ लाख ४७ हजार, म्हणजे दशकात पाच टक्केही वाढ नाही. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिलेल्या कुणालाही हे पटणार नाही. कारण साधे आहे. २००२ मध्ये २७ गावे महापालिकेतून वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०११ च्या मोजणीच्या वेळी ती बाहेर होती.

मराठी टक्का

हा वाद राज्याच्या स्थापनेपेक्षा जुना आहे. १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेचा विचार करणाऱ्या दार आयोगापुढे मुंबई महाराष्ट्राला देण्याविरुद्ध जे मुद्दे आले, त्यांत शहरात मराठी भाषकांचे बहुमत नाही, हा एक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयोगाला दिलेल्या निवेदनात तो खोडून काढताना कलकत्त्याचा दाखला दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई मिळाली, पण टक्क्याचा प्रश्न मागे राहिला.

१९६१ मध्ये बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४३ टक्के होते. २०११ मध्ये ते सुमारे ३५ टक्के, म्हणजे ४४ लाख. २००१ च्या तुलनेत एका लाखाहून थोडी अधिक घट. हिंदी सांगणारे त्याच दशकात सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले.

एका बाजूचे म्हणणे, की मुंबईतून मराठी माणूस हद्दपार होतो आहे आणि याला घरांचे भाव व राज्यकर्त्यांचे दुर्लक्ष कारणीभूत आहे. दुसरी बाजू म्हणते, की मराठी माणूस गेला तो ठाणे, डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलला. त्याची नोकरी, बाजार, नाटके, दवाखाने मुंबईचेच आहेत, तेव्हा टक्का काढायचा तर सगळ्या प्रदेशाचा काढा. तिसरे निरीक्षण आकड्यांच्या स्वभावाविषयी आहे. २००१ ते २०११ मध्ये मुंबईत उर्दू मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १७ लाखांवरून साडेचौदा लाखांवर आली. तेवढी उर्दू कुटुंबे शहर सोडून गेली असे कुणी म्हणत नाही. त्यातल्या काहींनी हिंदी लिहिली असणे शक्य आहे. शिवाय जनगणनेच्या 'हिंदी' या रकान्यात भोजपुरी, राजस्थानी अशा कितीतरी भाषा जमा होतात. हिंदीची सगळी वाढ रेल्वेतून उतरली, असे म्हणूनच म्हणता येत नाही. मात्र उपनगरांपलीकडे, जुन्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतही हिंदी भाषकांची वाढ मराठीपेक्षा बरीच वेगाने झाली आहे. हद्द रुंदावली की हा प्रश्न मिटेल, ही आशाही त्यामुळे पुरती खरी ठरत नाही.

गिरणीपासून बीकेसीपर्यंत

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या संपाने संपल्या, हे लोकांच्या तोंडी बसलेले उत्तर. पण जुनी यंत्रे, भिवंडीतल्या यंत्रमागांची स्वस्त स्पर्धा आणि शहरात मोठ्या कारखान्यांवर घातलेले निर्बंध संपाच्या आधीपासून काम करत होते. संपाने ते लवकर उरकले, असे म्हणणारे अभ्यासक बरेच आहेत. कामगार संघटनांचे कार्यकर्ते म्हणतात, की मालकांना गिरणीपेक्षा जमीन मोलाची वाटू लागली होती. दोन्ही म्हणणी एकमेकांना खोडत नाहीत.

जमिनीचा हिशेब जास्त नेमका मांडता येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळ्या जागा, परवडणारी घरे आणि मालक यांत साधारण तीन वाट्यांत विभागायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जागेपुरती राहिली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. घरासाठी कामगार आणि वारसांचे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले, मिळालेली घरे त्याच्या एका लहान हिश्शाएवढी. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये शेलू आणि वांगणीचा पर्याय पुढे आला. परळच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला कर्जतच्या वाटेवर घर, यावरून संघटना पुन्हा आझाद मैदानात आल्या.

गिरण्यांच्या जागी काय आले? दक्षिणेकडच्या कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) सरकल्या: राष्ट्रीय शेअर बाजार, बँकांची मुख्यालये, हिरे बाजार. वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांशेजारी डेटा सेंटरे. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा या प्रदेशात आहे, कारण समुद्राखालच्या केबली इथे किनाऱ्याला लागतात. पण अशा इमारतीत गुंतवणूक प्रचंड आणि माणसे थोडी. माणसे लागतात ती भिवंडीच्या गोदामांत. मुंबईची जकात आणि जागेचे भाव टाळायला माल तिथे उतरू लागला, जकात २०१७ मध्ये गेली तरी गोदामे वाढतच राहिली. आपण मोबाइलवर मागवलेली वस्तू बहुधा तिथल्याच एखाद्या पत्र्याच्या शेडमधून निघते. तिथे काम करणारा मुलगा बहुतेकदा ठेकेदाराचा, कंपनीचा नसतो.

या बदलाला यश म्हणणारे सेवा क्षेत्राची वाढ, पगार आणि कर दाखवतात. शंका घेणारे म्हणतात, की गिरणी कामगाराला भविष्य निर्वाह निधी, पक्की पाळी आणि युनियन होती. त्याच्या मुलाला सुरक्षारक्षकाचा गणवेश आणि अकरा महिन्यांचा करार मिळाला. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, एवढे मत नोंदवायला हरकत नाही. ते किती मोठ्या प्रमाणावर खरे आहे, हे मात्र मोजले गेलेले नाही.

पैसा राहतो कुठे, मोजला जातो कुठे?

देशाच्या प्रत्यक्ष करातला सुमारे तिसरा हिस्सा मुंबई भरते, हे वाक्य प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी ऐकू येते. कर भरला जातो तो कंपनीच्या नोंदणीच्या ठिकाणी. ओडिशातली खाण, गुजरातमधला कारखाना आणि नरिमन पॉइंटवरचे मुख्यालय असे असेल, तर करात सगळे श्रेय मुख्यालयाला जाते. म्हणून कराचा वाटा म्हणजे उत्पादनाचा वाटा नव्हे. पण मुख्यालये, शेअर बाजार आणि रिझर्व्ह बँक एका शहरात असणे हीदेखील शहराची कमाईच आहे, असा प्रतिवाद आहे आणि तो रास्त आहे.

जिल्हा उत्पन्नातही असाच पेच आहे. ते जिथे निर्माण झाले तिथे मोजतात. समजा, कल्याणला राहणारी एक बाई बीकेसीतल्या बँकेत नोकरी करते. तिच्या कामाचे मोल मुंबईच्या खात्यात, तिचे डोके ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत. दरडोई उत्पन्न काढताना मुंबईचा अंश फुगतो, भागाकार लहान लोकसंख्येने होतो. तिने पाण्याचा टँकर मागवला की खर्च कल्याणला. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. प्रदेशातल्या बाकी आठ महापालिका त्याच्या जवळपासही नाहीत, आणि कामगार मात्र त्याच पुरवतात. नऊ महापालिकांचा महसूल कसा वाटावा, यावर सर्वमान्य सूत्र आजवर पुढे आलेले नाही.

प्रगतीच्या अंदाजांकडेही याच नजरेने पाहायला हवे. २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट'साठी मॅकिन्सीने 'व्हिजन मुंबई' लिहिले, तेव्हा चिंता होती ती वाढ मंदावल्याची. २०२४ मध्ये नीती आयोगाने महानगर प्रदेशाचे उत्पन्न सुमारे १४० अब्ज डॉलर धरून २०३० पर्यंत ते ३०० अब्जांवर न्यायचे लक्ष्य मांडले. अटल सेतू, मेट्रो ३ आणि नवी मुंबई विमानतळ २०२४ आणि २०२५ मध्ये सुरू झाले, ते याच दिशेचे. समर्थकांना यात प्रदेश प्रथमच एक अर्थव्यवस्था म्हणून दिसतो. टीकाकार विचारतात, की सहा-सात वर्षांत दुप्पट होणाऱ्या उत्पन्नात मजुरीचा वाटा किती? लोकलमध्ये आणि रुळांवर करोनाची वर्षे सोडली तर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, त्याचा या हिशेबात कुठला रकाना?

झोपडी आणि रिकामे घर

२००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईचे ५४ टक्के लोक झोपडपट्टीत होते, २०११ मध्ये ४२ टक्के. १२ लाखांहून अधिक माणसे कमी. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे हे यश, असे एक वाचन आहे. काही जण बाहेर ढकलले गेले, असे दुसरे. मोजणीचा फरक, असे तिसरे. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेला माणूस झोपडपट्टीच्या रकान्यातून निघतो, मग त्या इमारतीत ऊन-वारा पोचत नसला तरी. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्द, तळाशी होता. शहरभरातून हलवलेल्यांच्या पुनर्वसन वसाहती मोठ्या संख्येने तिथेच आहेत. धारावीत नेमके किती लोक राहतात, यावर सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत अंदाज दिले जातात. पुनर्विकासात पात्र किती आणि अपात्र किती, हा सगळा झगडा त्या फरकात आहे.

याच शहरात २०११ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती.

काय लोंबकळत आहे

सर्वांत मोठी उणीव ताज्या मोजणीची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांची प्रभागरचनाही २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली होती. करोनात किती लोक गावी गेले, किती परतले, घरून काम करणाऱ्यांनी बीकेसीची गर्दी किती हलकी केली, याचे उत्तर कुणाकडेही नाही. सहाव्या आर्थिक गणनेनंतर शहरातल्या छोट्या उद्योगांचीही पूर्ण मोजणी हाती आलेली नाही. श्रमबलाच्या राष्ट्रीय पाहणीत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरला जातो, त्यातून थोडा प्रकाश पडेल. बाईच्या कामाची मोजणी ही जुनी अडचण तरीही राहील. घरी बसून इमिटेशनचे दागिने ओवणारी मालाडची बाई 'काम करत नाही' असेच सांगते.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. मुंबई महानगर प्रदेश हा जनगणनेचा स्वतंत्र घटक नाही. त्याचा आकडा हवा असणाऱ्याला मुंबईचे दोन जिल्हे आणि ठाणे, पालघर, रायगड यांतले तालुके स्वतःच जोडत बसावे लागते. जनगणना संचालनालय आणि एमएमआरडीए यांनी मिळून लोकसंख्या, भाषा, स्थलांतर, घरे आणि रोजचा कामाचा प्रवास यांचे तक्ते अखंड प्रदेशासाठी तयार करावेत आणि २००१ व २०११ चे आकडे त्याच हद्दीत बसवून शेजारी छापावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.